माझ्या पोटाची मुलाखत

सोनोग्राफीच्या पदवीला माझा नंबर लागणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ब्याण्णव साल. शहरातल्या कॉलेजात अभ्यासक्रम नवाकोरा, जागा उरलेली एकच, आणि मी विज्ञानात अख्ख्या वालूरमध्ये पहिला! नंबर हुकला तर मात्र व्यंकटीमामाच्या गिरणीवर बसून जन्मभर ज्वारी दळायची, असं घरात ठरलेलं होतं.

निघताना झुंबरआत्यानं हातावर दही ठेवलं. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण चांगल्या कामाला निघालेला पोरगा दारावरून कोरडा गेला, तर आमच्या गल्लीत वर्षभर अबोला धरतात. शेजारच्या छबूबाईंनी चहा पाजला. पलीकडच्या घरी ताक. त्यापुढच्या घरी पुन्हा चहा, छबूबाईंचा चालतो अन् आमचा का चालत नाही, म्हणून. स्टँडवर मामानं बळंच उसाचा रस ओतला. वर एसटीनं रस्त्यातला एकही खड्डा सोडला नाही.

कॉलेजात पोचलो तेव्हा मला फक्त एका खोलीची गरज होती, आणि ती मुलाखतीची नव्हती. इतक्यात डॉक्टरसाहेब बाहेर आले. उमेदवारांच्या प्रात्यक्षिकासाठी बोलावलेला पेशंट आलाच नव्हता.

"कुणाचं मूत्राशय भरलेलं आहे का? त्याशिवाय चित्र नीट दिसत नाही."

मला वाटलं, मुलाखत सुरू झाली. पहिल्याच प्रश्नाला हात वर केला.

मला टेबलावर आडवं केलं. पोटावर गार चिकट मलम थापलं आणि एकेक उमेदवार येऊन यंत्राचा दट्ट्या दाबू लागला. साहेब म्हणत होते, अजून दाबा. मी मनातल्या मनात पोखर्णीच्या नरसिंहाचा धावा करत होतो. पूर्णेच्या भुजंगनं तर असा दाबला, की मी उठलो आणि पळालोच.

परत आलो तर प्रात्यक्षिक उरकून जागा भुजंगला गेलेली; यंत्राला हात न लावलेला उमेदवार मी एकटाच. साहेबांनी माझ्या हाती यंत्रातून निघालेला फोटो ठेवला. इतकं स्वच्छ चित्र आजवर मिळालं नव्हतं, म्हणाले.

घरी आत्यानं विचारलं, "एवढ्या पोरांत फोटो कुणाचा काढला?"

"फक्त माझाच." खोटं थोडंच होतं!

आत्यानं तो काचेत बसवला, हळद-कुंकू वाहिलं. मामानं नेऊन गिरणीत टांगला. आता दळणाला येणारी माणसं आधी त्याला हात जोडतात. परवा सरजाबाईनं विचारलं, "ह्यो कंचा देव रं, बाबा?"

म्हटलं, "नाव माहीत न्हाई, मावशी. पण लय कडक हाय. मला गिरणीवर त्यानंच बसवलंय."