गोविंदकाकांची बिनभेसळ गाणी

गाणं लागलं की माणसं डोळे मिटतात. आमचे शेजारी गोविंदकाका चष्मा लावतात. कॉम्प्युटर आणि स्पीकरच्या मध्ये त्यांनी कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारी एक काळी डबी बसवली आहे. जुन्या सीडीवरचं गाणं लावल्यावर डबीवर ४४.१ हा आकडा उमटला तर काका मान डोलावतात. ४८ उमटला की गाणं बंद. "भेसळ हाय, सर!"

काकांची सगळी नोकरी हिंगोलीच्या हळद बाजारात गेली. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचं. खणकन वाजलं तर माल वाळलेला, नाहीतर परत. निवृत्त होऊन घरी बसल्यावर तो कान गाण्यांच्या मागे लागला. व्हिडिओ बघून बघून त्यांनी कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं आणि एकदा मला धरून समजावलं, "ह्याच्यात एक मिक्सर राहते. गाणं, घंटी, फोन, समदे आवाज एका परातीत कालवते अन् गाण्याचे आकडेच बदलून टाकते, सीडीच्या ४४.१ चे ४८ करते. आमी त्याला वाटेतून हटवलं. गाणं सीधं डबीत. बराबर जसंच्या तसं!"

मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. तसं म्हणालो, तर त्यांनी ओल्या हळकुंडाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले हे," काकू आतून म्हणाल्या.

एका आवाजापुरता मात्र हा कान बंद होता. मुलीनं, शुभांगीनं, आपल्या मनानं लग्न केलं आणि बापलेकीत अबोला सुरू झाला. ती काकूंशी मोबाइलवर बोलू लागली की काका मुद्दाम गाणं मोठं करत. तिला मुलगी झाली तेव्हा काकूंनी हट्टच धरला, नातीला कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर बघायचं. काका कसेबसे तयार झाले, पण अट घालून. "आधी ती बोलंल, मंग मी."

रविवारी सकाळी काकूंनी मला मदतीला बोलावलं. काका इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. धीर यावा म्हणून त्यांनी गाणं लावून ठेवलं होतं. कॉल आला, मी उचलला. पडद्यावर शुभांगी, मांडीवर बाळ. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. गाणं तेवढं स्वच्छ चालू होतं.

मिक्सर हटवल्यामुळे डबी एकट्या गाण्याच्या ताब्यात होती. दुसऱ्या आवाजाला तिथे शिरकावच नव्हता. आम्हाला हे उमगेपर्यंत शुभांगीचा चेहरा उतरला. आपण बोललो तरी बाप गप्पच, असं तिला वाटलं असणार. फोन ठेवायला तिनं हात पुढे केला आणि काका ओरडले, "थांब! जाऊ नको पोरी! तुहा आवाज न्हाई येऊन राहिला! बोलून राहिली ना तू? बोल, माय, बोल!"

कॅमेऱ्याचा माइक चालू होता. तिला सगळं ऐकू गेलं. तिनं तोंडावर हात धरला आणि रडता रडता हसू लागली.

काकांनी गाणं अर्ध्यातच तोडलं आणि मिक्सर जागेवर आणला. डबीवर ४८ उमटलं. "बाबा, चहा झाला का?" स्पीकरमधून आवाज आला. काकांनी चष्मा काढला.

शुभांगी दिवाळीला लेकरू घेऊन येणार आहे. परवा गेलो तेव्हा गाणं चालू होतं आणि डबीवर ४८ होतं. मी चिडवलं, "काका, भेसळ!"

"असू द्या, सर. पोरीचा फोन कधी बी येते," काका म्हणाले आणि गाण्याचा आवाज त्यांनी आणखी थोडा कमी केला.