नुसत्या चारची घरं

आकांक्षाच्या जावळाच्या जेवणाला धावड्यातली तीनशे चाळीस घरं बोलवायची होती, आणि आवतनं मोबाइलवर पाठवायचं काम तिच्या आईनं, शीतलनं, आपणहून अंगावर घेतलं होतं. पुण्याच्या कंपनीचं डेटाबेसचं काम ती घरूनच करायची. सासूबाई, म्हणजे आसराबाई, लसूण सोलत सांगत होत्या आणि ती नोंदवत होती.

"कल्याण गुरुजी. बोलणं हाय, आहेर हाय, चूलबंद."

घराशी बोलणं असेल तर एक. आहेराची देवघेव असेल तर दोन. चूलबंद, म्हणजे घरी चूल न पेटवता सगळ्यांनी जेवायला यायचं, असं आवतन असेल तर चार. तिन्हींची बेरीज शीतल एकाच रकान्यात ठेवत होती. सात म्हणजे सगळंच. पाच म्हणजे बोलणं आणि जेवण.

"इंद्रभान. बोलणं न्हाई, आहेर न्हाई. बांधावरून भांडला त्यो. पर जेवाया बोलव, पंगतीला कोणाला न्हाई म्हणू न्हाई."

"म्हणजे नुसते चार."

अशी नुसत्या चारची नऊ घरं निघाली.

पाळण्याजवळ दोन थर्मामीटर ठेवणारी आई यादीला इंडेक्स लावल्याशिवाय कशी राहील? तिनं लावला. मग बिटवाइज, म्हणजे बेरीज फोडून पाहणारा, प्रश्न विचारला: ज्या आकड्यात चार मिसळलेला आहे, ती घरं दे. कॉम्प्युटरनं इंडेक्सकडं ढुंकूनही न पाहता तीनशे चाळीस ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. इंडेक्स पुस्तकामागच्या सूचीसारखा. तो पूर्ण आकडा शोधतो, आकड्याच्या पोटात काय आहे ते त्याला कळत नाही. वेळ गेला पापणी लवण्याइतकाच, पण शीतलच्या जिवाला ते लागलं. तिनं सहज प्रश्न बदलून पाहिला: आकडा बरोबर चार. इंडेक्स झटकन कामाला लागला. तिला बरं वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत आकांक्षा गप्प झाली. रडणं चालतं, गप्प होणं वाईट. शीतल धावली. बाळ आजीच्या चपलेचा पट्टा चघळत होतं. त्याचं तोंड धुऊन, जीभ तीनदा तपासून ती परत आली आणि समोर होती त्या यादीला निरोप पाठवून मोकळी झाली.

जेवणाच्या दिवशी अकरा वाजले. बट्ट्या तयार, वांग्याची भाजी तयार, बुंदीची टोपली भरलेली. मांडवात माणसं मात्र नऊ घरची. वास साऱ्या गावात गेला होता, पण आवतनाशिवाय कोण येणार?

"गाव कुठं गेलं गं?" आसराबाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडं आसराबाईंचे चुलत दीर रामप्रसाद यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली. आसराबाई खालीच बसल्या.

शीतलनं मोबाइल उघडला. आकडा बरोबर चार. ती आसराबाईंकडं वळली.

"आत्या, चूक झाली. निरोप नऊच घरी गेला. आपल्याशी बोलत नाहीत त्यांनाच."

आसराबाई काही बोलायच्या आत इंद्रभान समोर आला.

"वैनी, बारा वर्सांनी आवतन आलं. वाटलं, गावासंग आमाला बी बोलावलं असंल. इथं आलो तर नुसते आमीच. आमाला पैल्यांदा बसवून राह्यल्या तुमी." त्यानं वाकून आसराबाईंना नमस्कार केला.

आसराबाईंनी सुनेकडं एकदा पाहिलं.

"मंग? तुमाला सोडून गाव जेवू घालू काय? आता गाव बोलवायचं काम तुमच्याकडं. जल्दी निघा, चुली पेटल्या."

नऊ घरचे गडी मोटारसायकलींवर निघाले. दीड वाजता मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

सगळ्यात शेवटी रामप्रसाद आले, तोंड पाडून.

"वैनी, आपल्या घरचं आवतन इंद्रभाननं सांगावं? मी खिचडी खाऊन आलो."

खिचडीवर त्यांनी सहा बट्ट्या खाल्ल्या, पण बोलले नाहीत ते नाहीतच.

संध्याकाळी भांडी आवरताना आसराबाई म्हणाल्या, "रुसल्याची बी एक खूण कर. रामप्रसादला लाव."

"पुढची खूण आठची. म्हणजे त्यांचे सात आणि आठ, पंधरा."

"साऱ्या गावात रुसणाऱ्यालाच जास्त मार्क?"

"मार्क नाहीत हो आत्या."

"काढता येतो का त्यो आठ?"

"येतो. त्यांचे सात तसेच राहतात."

"मंग लाव," म्हणत आसराबाईंनी डब्यात बट्ट्या भरल्या, वर बुंदी दाबली. "अन् मी त्याच्याकडून येईपर्यंत काढून ठिव."