मंगारी पोचला का?

भोईरकाका कुठल्याही कार्यक्रमात शेवटच्या खुर्चीवर बसतात आणि वक्ता कितीही मोठा असो, पाचव्या मिनिटाला ओरडतात, "मंगारी काय पोचला नाय!" मंगारी म्हणजे मागे. एका बारशात पाळणा म्हणणाऱ्या बायकांनाही त्यांनी हे ऐकवलं होतं.

आमच्या मंडळात तर हे फारच खटकायचं. वर्तकनगरात आमचं पक्षीनिरीक्षण मंडळ आहे. खाडीकाठी वर्षानुवर्षं दबक्या आवाजात बोलून आम्हाला तीच सवय लागलीय. सोसायटीच्या हॉलमध्ये स्लाइड दाखवतानाही आम्ही कुजबुजतो. मी सचिव. सगळ्यात हळू मीच बोलायचो आणि मला त्याचा अभिमान होता.

"सर, फोटोतला पाखरू उडनार नाय. जोरान बोला!" काका म्हणायचे. मी आवाज आणखी उतरवायचो. कबूल करतो, मुद्दाम.

याहून वाईट कबुली पुढे आहे. काकांच्या शेजारी काकी बसायच्या. आम्ही हसलो की क्षणभरानं हसायच्या. सभा संपली की दोघं चालत माजिवड्याला जायची आणि काका रस्ताभर त्यांच्यावर ओरडत असायचे. ते मी लांबून पाहिलं होतं. चारचौघांत म्हणालोही होतो, "बायकोशी असं वागणारा माणूस आपल्याला काय शिकवणार?"

यंदा मंडळानं नवीन साधन घ्यायचं ठरवलं. अध्यक्षा साठेबाईंना मोठा टीव्ही हवा होता, मला प्रोजेक्टर. काका उठले. "जुना प्रोजेक्टर चालतंय ना? माईक घ्या. स्पीकर घ्या."

"पक्षीनिरीक्षकांना लाउडस्पीकर?" साठेबाई हसल्या.

"मंग सगल्यांनी मंगारी बसा. दोनच मिनटा."

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. काका जन्मात पहिल्यांदा पुढे गेले. भिंतीजवळ उभे राहून, हुबेहूब माझ्यासारखा चष्मा वर सरकवत, ओठ हलवत राहिले. आम्ही सभ्यपणे माना डोलावल्या.

मग ते गरजले, "मी इचारला, ज्याला माईक नको त्यानी हात वर करा. येक पन हात वर झाला नाय. ठराव मंजूर!"

"अहो, ही चीटिंग आहे!"

"चीटिंग कसली बाई? मी बोललो. तुमाला पोचला नाय."

साठेबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. माईक आला.

पहिल्या सभेत मी शेकाट्याची स्लाइड लावली. लांब लाल पायांचा पक्षी. माईकवरून म्हणालो, "हा गवतात घरटं करतो."

"नाय ओ सर!" मागून खणखणीत आवाज आला. काकी उभ्या होत्या. "आमच्या मिठागराच्या बांधाव अंडी घालाचा. आई ओरडाची, पाय जपून टाक गो!" मग त्या दहा मिनिटं बोलल्या. पिल्लं कशी चिखलात दडतात, माणूस जवळ आला की पक्षी पंख मोडल्याचं सोंग कसं करतो. एवढ्या वर्षांत आम्हाला दुर्बिणीतून हे दिसलं नव्हतं. आमच्या मंडळात टाळ्या वाजवायची पद्धत नाही. त्या दिवशी वाजल्या.

चहाच्या वेळी काका हळूच म्हणाले, "तिला कमी ऐकाला येतं. कोनाला सांगू नको बोललेली. म्हनून रस्त्यान सगला परत सांगाचो, जोरान. मना पन निम्माच कललेला. बाकीचा मीच बनवाचो."

त्यांच्याबद्दल मी काय बोललो होतो, ते मी त्यांना तिथंच सांगून टाकलं.

"जाव दे सर," ते म्हणाले. "मंगारी पोचला ना? बस."

नंतर मी फाटकाशी उभा राहून पाहत होतो. दोघं माजिवड्याच्या रस्त्याला लागली. काकी हातवारे करून बोलत होत्या. भोईरकाका अगदी गप्प होते.