उपरण्याखालचा भाव

मी आसेगावचा. आमच्या घरातला पहिला बी.ए. झालेला मुलगा. ही पदवी ज्यांच्यामुळे मिळाली त्या प्रोफेसर नेमासावांचे नाव आधी घेतो. त्यांचा उजवा हात नेहमी उपरण्याखाली असे.

विषय अर्थशास्त्र, त्यातही बाजारातले भाव. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा ठरवतात, भोवतीच्यांना आकडा कळत नाही. या दडवलेल्या भावावर सरांनी उमेदीची सारी वर्षे घातली. लग्न राहूनच गेले; कॉलेजच्या गावी ते एकटेच राहत. रिसोडला त्यांच्या घरचे किराणा दुकान होते. थोरले भाऊ म्हणत, "आमी भाव सांगून पोट भरतो, हा लपवलेला भाव हुडकून राह्यला!"

सर अभ्यासाला फार प्रामाणिक. पेपराचे मार्कसुद्धा ते उपरण्याखाली बोटे दाबून सांगत. "वर बोलू नका, खाली बोला," हे पालुपद. नापासाची लाज झाकली जाई, हे खरे. पण पाच बोटे म्हणजे पाच की पन्नास, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

एकदा त्यांनी भाजीवालीच्या हातावर उपरणे टाकले. "अरे मुडद्या, हात कायले धरून राह्यला?" ती बाजारभर ओरडली. सरांनी तिथेच टिपून घेतले : 'स्त्रियांत ही पद्धत रूढ नाही.'

या विषयावरचा त्यांचा प्रबंध विद्यापीठातून परत आला. पुरावा नाही, असा शेरा होता. "पुरावा असता तर भाव लपला असता का?" सर मला म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी उपरणे घडी करून ठेवले.

त्याच उन्हाळ्यात वडिलांनी मला कॉलेजातून काढले. औत हाकायला घरात दुसरे कोणी नव्हते. सर बैलगाडी करून आसेगावला आले, खांद्यावर उपरणे.

"मास्तर, पोट्टं माह्यं हाय. तुमाले कायले पाह्यजे?" वडील म्हणाले.

"वर बोलू नका, खाली बोला." सरांनी वडिलांच्या हातावर उपरणे टाकले.

अर्धे गाव ओट्याभोवती जमले होते. सगळ्यांचे डोळे उपरण्यावर. बराच वेळ गेला. मग वडिलांनी हात काढून घेतला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बांध तुही पेटी."

सौदा काय ठरला, ते दोघांपैकी कोणी सांगेना. पदवी हाती आल्यावर मी वडिलांना खोदून विचारले, आणि सरांना पत्र लिहिले :

"तीर्थस्वरूप सरांस, शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या प्रबंधाला साक्षीदार मिळाला, पण त्याची साक्ष आपल्या उपयोगाची नाही. बाबा म्हणतात, 'त्यानं एकबी बोट दाबलं नाही रे. नुसता माह्या हात धरून बसला. सोडेच ना. म्या जाणलं, याले घरी कोनी नाही.'

दिवाळीला आपण आमच्याकडे यावे. बाबांनी निक्षून सांगितले आहे, 'मास्तराले म्हना, उपरनं घरीच ठेवजा.'"