शेळकेभाऊंचा तक्ता

बारशाला गेले तरी शेळकेभाऊ बाळाचं नाव नंतर विचारत. आधी बापाची शिफ्ट विचारत. उत्तर मिळालं की खिशातली वही काढून टिपून घेत. बायका पदराआड हसत.

भाऊ आमच्या चिंचवडच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहत. एकटेच, बायको वारून बरीच वर्षं झाली होती. कंपनीत ते प्लॅनिंग खात्यात होते. कुठलंही काम निघालं की म्हणत, "आधी तक्ता, मग हातोडा." गणपतीच्या आरतीचाही त्यांनी तक्ता केला होता. त्यात बेसूर गाणारे मागच्या रांगेत होते. मीही मागेच होतो.

वहीचं कारण मला उशिरा कळलं. आमची घरं एका खोलीची. बाप रात्रपाळी करून आला की दिवसा झोपणार, म्हणून आई पोरांना बाहेर काढायची. बाहेर म्हणजे ट्रकचा रस्ता. मीही तसाच वाढलो, पण त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. एकदा शेजारचा बबन चाकापासून हातभर अंतरावर वाचला आणि भाऊंनी वही उघडली.

रात्रपाळीवाल्यांच्या पोरांसाठी दुपारचं बालघर काढायचं त्यांनी ठरवलं. चाळीत कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून अर्ज मी लिहिला. तक्ता त्यांचा, त्यावर प्रत्येक घराची एक टाचणी. दर सोमवारी शिफ्ट बदलली की टाचण्या हलायच्या. कुणाला दूध पचत नाही, कोण एकटं झोपायला घाबरतं, सगळं त्यात होतं.

चाळीच्या कमिटीनं जागा नाही म्हणून अर्ज परत केला. वर एकानं टोमणा मारला, "भाऊ, तुमाला एक पोर न्हाई, ही उठाठेव कशाला?"

"म्हणून तर राव, माझ्याकडं जागा आहे," भाऊ म्हणाले.

सोमवारी त्यांच्याच खोलीत सतरंजी पडली. पोरांच्या आया आळीपाळीनं बसू लागल्या.

पुढच्या आठवड्यात तक्त्यातली चूक माझ्या लक्षात आली. टाचण्या सगळ्या घरांच्या होत्या, भाऊंची नव्हती. आणि त्यांनाच रात्रपाळी लागली होती.

दुपारी गेलो तर खोलीत नुसता कल्ला. भाऊ कोपऱ्यात डोक्यावरून चादर घेऊन पडलेले, आणि त्यांच्या पायाशी एका पोरीनं भातुकली मांडलेली. मी चाचरत म्हटलं, तुमच्या झोपेचं तक्त्यात राहून गेलं, मी पोरांना जरा बाहेर नेतो.

चादरीतून आवाज आला.

"नको रे. पोरं घरी गेली ना, की मला जाग येते."