वीणेला गळा पाहिजे

धर्म कधीच बुडत नाही. तो फक्त गाव सोडून नोकरीला जातो.

जिंतूरजवळच्या आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह याला साक्ष आहे. सात दिवस वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जमिनीला टेकली की सप्ताह खंडला. वीणा धरायच्या पहाऱ्यांची यादी यंदाही भरगच्च होती. नावं सगळी गावची, माणसं पुण्याची, दुबईची आणि कॅनडाची. (व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडले तरी हजेरी धरावी, अशी सुधारणा समितीने एकमताने केली आहे.) हजेरी शंभर टक्क्यांच्या वर गेली, कारण काहींनी दोनदा जोडले.

सहाव्या दिवशी पहाटे अध्यक्ष बन्सीधरकाकांनी वीणा घेतली. पुढचा पहारा त्यांच्याच मुलाचा, हरिओमचा. त्याने कॅनडातून अगदी वेळेवर हात जोडले. वीणा मात्र काकांच्याच गळ्यात राहिली. विज्ञानाने अजून तेवढी प्रगती केलेली नाही.

दुपारी धुरपताकाकू ओरडल्या, "अवो, पाय लटलटायलेत तुमचे! पडलाव तर सप्ता मोडंल!"

"मग कुनाला दिऊ? हाय का कोनी?"

(मी होतो. पण माझा पहारा उद्याचा होता.)

मांडवाबाहेर कापसाच्या जिनिंगवर कामाला आलेला बिहारचा रामसेवक उभा होता. तो चप्पल काढून आत आला आणि त्याने मान वाकवली. "काका, माझ्या गळ्यात घाला." काकांनी घातली. खरं सांगतो, माझ्या जिवात जीव आला. रामसेवक "राम कृष्ण हरी" म्हणू लागला, पण चाल छठपूजेची. थोड्या वेळात बायांनीही तीच धरली.

गावच्या ग्रुपवर हाहाकार उडाला. हरिओमचा आक्षेप मुद्देसूद होता: बाहेरचे लोक येऊन आपला धर्म बदलून टाकतील. (हा आक्षेप त्याने तिथल्या चर्चच्या हॉलमधून पाठवला. त्या गावची पोरं चर्चला फिरकत नाहीत, म्हणून म्हाताऱ्यांनी हॉल याच्या भजनी मंडळाला दिलाय. रविवारी त्यांच्या प्रार्थनेला पेटीही हरिओमच वाजवतो. त्याला तो आपल्या संस्कृतीचा प्रसार म्हणतो.)

काकांनी गुडघे चोळत उलट निरोप धाडला. "बाबा, तुझं बराबर हाय. ये, अन् घे त्याच्या गळ्यातून. तवर त्यो उभा हाय."

या निरोपालाही सगळ्यांनी हात जोडले.

वाचकहो, तुमच्याही गावच्या यादीत तुमचं नाव असेलच. पहारा कधीचा, तेवढं बघून घ्या. हात पाठवू नका, ते पोचलेत. जमलं तर गळा पाठवा.