चार वाक्यांची फी

मास्तरांवर तीन कर्जं होती. पहिलं इंटरलॉक मशीनचं, दुसरं फ्रिजचं, आणि तिसरं पहिल्या दोन्हींचे हप्ते वेळेवर जावेत म्हणून काढलेलं. तिसऱ्यामुळे पहिल्या दोन्हींचे हप्ते वेळेवर जाईनासे झाले. हिशेबाच्या दृष्टीने ही गोष्ट अगदी स्वाभाविक होती. आश्चर्य फक्त मास्तरांना वाटलं.

मास्तर म्हणजे शिंपी. कॉलर सूतभर तिरकी बसली तर अख्खा शर्ट उसवणारा माणूस. पण कर्जाच्या बाबतीत माप घेण्याआधीच कापड कापायची त्यांना सवय होती.

महिन्याच्या दहा तारखेला नोटीस आली. मशीनचे दोन हप्ते थकले आहेत, तीस तारखेपर्यंत न आल्यास मशीन उचलण्यात येईल. त्या मशीनवर मास्तरांची बायको बसायची आणि तिच्या हातात एका शाळेचे चाळीस गणवेश होते. गणवेश झाले की दोन्ही हप्ते निघणार होते. मशीन गेलं की गणवेश होणार नव्हते. बायकोने काटकसर करून बटणांच्या डब्यात एक हप्ता जमवला होता आणि त्यावर मुद्दाम शर्टाची बटणं पसरली होती, कारण शर्टाची बटणं तीच लावायची; मास्तर कोटाच्या बटणांखेरीज कशाला हात लावत नसत.

कर्जाने गांजलेल्यांना सल्ला देण्याची सोय गावात एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर होती. डाव्या दारावर ‘कर्ज मार्गदर्शन कक्ष (विनामूल्य)’ अशी पाटी होती. आत एक टेबल, एक लाकडी बाक आणि एक बाई. उजवं दार काचेचं. आत गारवा, माशांची पेटी आणि टायवाले सल्लागार. उजवीकडे बसायला खुर्ची मिळत नसे. डावीकडच्या बाकावरची धूळ बाई स्वतः पुसत, तेवढीच कामाची नोंद होई.

बायकोने डब्यातल्या हप्त्याचं गुपित सांगून आग्रह केला, म्हणून मास्तर आधी डावीकडे गेले. बाईंनी कागद वाचले, घरात शिल्लक किती ते विचारलं, एक फोन केला आणि कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे चार वाक्यं लिहून दिली. डब्यातला एक हप्ता घेऊन उद्याच मशीनवाल्यांकडे जावं आणि दुसऱ्यासाठी मुदतीचा अर्ज द्यावा, कारण एक भरला की ते मशीन उचलत नाहीत. पुढचा हप्ता चुकणार असेल तर चुकण्याआधी कळवावं, चुकल्यावर नव्हे. जुनं फेडायला नवं काढू नये. आणि या कामासाठी कोणालाही एक पैसा देऊ नये.

मास्तरांनी कागद उलटापालटा करून पाहिला. “एवढंच?”

“एवढंच.”

“फी?”

“नाही.”

“मग तुम्हाला यात काय मिळतं?”

“पगार,” बाई म्हणाल्या.

हे उत्तर मास्तरांना संशयास्पद वाटलं. निघताना बाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. वर्षभरात तिच्यात एकही ओळ पडली नव्हती. मास्तरांनी लिहिलं : सल्ला बरा वाटला, परंतु फुकट असल्यामुळे खात्री वाटत नाही.

घरी त्यांनी बायकोला कारण समजावून सांगितलं, आणि ते कारण धंद्यातलं होतं. मेहुण्याची पँट आखूड करायला घेतली होती, फुकट. अकरा महिने ती खुंटीवर होती आणि शेवटी तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब निघाला. फुकटचं काम कसं होतं हे मास्तरांना जितकं ठाऊक होतं तितकं गावात कोणालाच नव्हतं.

“अहो, ते तुमचं झालं,” बायको म्हणाली. “ती बाई तुमच्यासारखीच असेल कशावरून?”

मास्तरांचं म्हणणं पडलं की माणूस इथूनतिथून सारखाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाच्या बटणांना हात लावला.

काचेच्या दारामागे त्यांचं स्वागत झालं. फीचा आकडा ऐकून मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत अर्धे झाले, पण सल्लागारांनी धीर दिला. कर्जबाजारी माणसाकडे फी नसते हे संस्थेला मान्य होतं; म्हणून डब्यातला हप्ता आगाऊ आणि उरलेली फी सहा सुलभ हप्त्यांत, नाममात्र व्याजाने. अशा रीतीने कर्जातून सुटण्याच्या पहिल्याच पायरीवर मास्तरांचं चौथं कर्ज सुरू झालं. सहीसाठी दिलेलं पेन मात्र वजनदार होतं.

बैठका तीन झाल्या. पहिलीत मास्तरांची ‘ऋणप्रवृत्ती’ तपासण्यात आली, ती आढळली. दुसरीत त्यांचं उत्पन्न एका गोल आकृतीत रंगवण्यात आलं. तिच्यातली त्यांच्या वाट्याची फोड इतकी बारीक होती की रंग बाहेर गेला. तिसरीत, अठ्ठावीस तारखेला, बत्तीस पानांची फाईल मिळाली. मास्तरांनी आधी तिच्या कव्हरची शिवण तपासली. शिवण उत्तम होती.

पान एकोणतिसावर चार वाक्यं होती. पहिली तीन डावीकडच्या बाईंची, शब्द जरा जाड केलेले. चौथं असं होतं : सल्लाशुल्काचे हप्ते वेळेवर भरावेत.

“आता कसं पटतं,” मास्तर बायकोला म्हणाले. “बघ, नीट छापलंय. एक हप्ता घेऊन मशीनवाल्यांकडे जायचं.”

“कुठला हप्ता?” बायकोने विचारलं, आणि बटणांचा डबा त्यांच्यासमोर पालथा केला. शर्टाची बटणं बराच वेळ फरशीवर घरंगळत राहिली.

एकोणतीस तारखेला मास्तर फाईल घेऊन मशीनवाल्यांच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने पान एकोणतीस वाचून सल्ला अगदी योग्य असल्याचं सांगितलं आणि हप्ता मागितला. मास्तर काचेच्या दाराकडे परतले. सल्लागारांनी त्यांना फाईलचं पहिलं पान दाखवलं : सल्ला देणं संस्थेकडे, अंमल करणं ग्राहकाकडे. शिवाय आगाऊ रक्कम परत मागणं हे ऋणप्रवृत्तीचंच लक्षण असल्याचं त्यांनी प्रेमाने निदर्शनास आणून दिलं.

शेवटी मास्तर वळून डाव्या दाराकडे गेले. तिथे रांग होती. बाकाच्या जागी खुर्च्या आल्या होत्या आणि पाटीवरच्या ‘विनामूल्य’ या शब्दावर ‘सशुल्क’ची पट्टी चिकटवली होती. तासाभराने नंबर लागला. बाई ओशाळल्या.

“तुमचाच अभिप्राय वर गेला, मास्तर,” त्या म्हणाल्या. “वर्षभरात आलेला एकमेव. त्यामुळे शंभर टक्के जनतेला फी हवी आहे, असा अहवाल झाला.”

“मला नाही भरता येणार हो.”

“माफी आहे ना. ज्याला फी परवडत नाही त्याला ती माफ. फक्त परवडत नाही असा मान्यताप्राप्त सल्लागाराचा दाखला लागतो.”

दाखला कुठे मिळतो हे मास्तरांनी विचारलं नाही. समोरच्या काचेवर त्याचा दर लिहिलेला होता, आणि खाली नवीन ओळ : पहिला सल्ला मोफत. काचेमागे आता एकही गिऱ्हाईक नव्हतं. मासे तेवढे होते.

तीस तारखेला मशीन गेलं. तेविसावा गणवेश त्याच्या सुईखाली अडकला होता. नेणाऱ्यांनी तो सोडवायला वेळ दिला नाही, म्हणून बायकोने दोरा दाताने तोडला. तो धरून उरलेले अठरा ती हाताने शिवत बसली. शाळेने सोळा दिवस वाट पाहिली आणि काम दुसरीकडे दिलं.

मास्तर आता शहाणे झाले आहेत. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते बाईंची चारही वाक्यं सांगतात, मनापासून, काही न घेता. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, कमरेला जरा सैल ठेवा. परवा बायकोने न विचारता दुकानावर पाटी लावली : कर्जाविषयी सल्ला, फी आगाऊ. तेव्हापासून शिवणकामाला वेळ मिळत नाही. पहिल्याच आठवड्यात टायवाले येऊन गेले. माशांच्या पेटीचे हप्ते थकले होते म्हणे. बायकोने त्यांच्याकडून दुप्पट फी घेतली आणि उरलेले सुट्टे परत द्यायला पुढची तारीख दिली.

तुम्ही हसलात. हसा. ती चार वाक्यं मी वर सगळी लिहून दिली, एक पैसा न घेता. त्यातलं दुसरं कोणतं होतं? मागे वळून बघायचं नाही.

नाही ना आठवत? मास्तरांचं दुकान दहाला उघडतं. सुट्टे आणा.